रेझ्युमे दिसतो तसा वाचला जात नाही

"मामा, मला मशीनने बाद केलं," भाची दारातूनच म्हणाली. ती डोंबिवलीला राहते. बी.कॉम. झाल्यावर भिवंडीच्या एका गोदामात दोन वर्षं हिशेब सांभाळले, जीएसटीची रिटर्न्स स्वतः भरली. आता बीकेसीतल्या कंपन्यांकडे अर्ज करते आहे. एका जाहिरातीत मागितलेलं प्रत्येक काम तिने केलेलं होतं, तरी दुसऱ्याच दिवशी नकाराची मेल आली. अर्ज गोळा करून चाळणाऱ्या सॉफ्टवेअरला एटीएस म्हणतात. तिच्या मैत्रिणींच्या ग्रुपवर एकच मत होतं, की एआय आपल्यासारख्यांना वरच्यावर उडवतं.

एआय भेदभाव करूच शकत नाही, असं मी म्हणणार नाही. अ‍ॅमेझॉनने प्रयोग म्हणून बनवलेली अशी एक प्रणाली बायकांच्या अर्जांना कमी गुण देत होती म्हणून मोडीत काढावी लागली, ही बातमी २०१८ मध्ये जगभर गाजली. पण भाचीचा रेझ्युमे पाहिल्यावर मला वाटलं, इथे गाडी त्याच्या कितीतरी आधी अडली असणार.

रेझ्युमे स्टेशनजवळच्या डीटीपीवाल्याकडून करून घेतलेला. डावीकडे निळा पट्टा, त्यात फोटो आणि कौशल्यं, प्रत्येक कौशल्यापुढे पाच ठिपके, त्यातले चार भरलेले. उजवीकडे अनुभव. मी पीडीएफ उघडली, सगळा मजकूर कॉपी केला आणि नोटपॅडमध्ये पेस्ट केला. मूळ इंग्रजीत होतं, मराठीत सांगायचं तर असं आलं:

"टॅली मे २०२१ ते जून २०२३ एक्सेल कनिष्ठ लेखापाल, भिवंडी बँक जुळवणी जीएसटी रिटर्न्स भरणे"

ठिपक्यांच्या जागी काहीच नव्हतं. ती चित्रं होती, मजकूर नव्हे.

हे का होतं ते समजून घ्यायला पीडीएफच्या पोटात शिरावं लागेल. १९९३ साली अडोबीने ती आणली, ती पान कुठल्याही कॉम्प्युटरवर आणि प्रिंटरवर हुबेहूब सारखं दिसावं म्हणून. त्यासाठी फाइलला 'वाक्य' किंवा 'परिच्छेद' माहीत असण्याची गरज नसते. कुठल्या फाँटचं कुठलं अक्षर पानावर कुठे काढायचं, एवढं पुरतं. शाळेतला आलेखाचा कागद आठवा. ए-फोर पान म्हणजे साधारण ५९५ बाय ८४२ बिंदूंचा आलेख; एक बिंदू म्हणजे इंचाचा बहात्तरावा भाग, आणि आरंभबिंदू खाली डाव्या कोपऱ्यात. समजा फाइल म्हणते: क्ष ४०, य ७०० वर 'टॅली' काढ, क्ष २२०, य ७०० वर 'मे २०२१' काढ. माणसाचा डोळा डावीकडचा निळा पट्टा पाहून ओळखतो, की हे दोन वेगळे रकाने आहेत. साधं सॉफ्टवेअर फक्त य पाहतं. दोन्हींचा य सारखा, म्हणजे एकच ओळ. झालं, टॅलीला मे २०२१ चिकटला. काही सॉफ्टवेअर रकाने ओळखतात, पण समोरची कंपनी कुठलं वापरते हे अर्जदाराला कळत नाही.

दोन शब्दांमधली मोकळी जागासुद्धा पुष्कळदा फाइलमध्ये नसतेच. दोन अक्षरांमधलं अंतर मोजून ती ताडली जाते. म्हणून नाव ऐटदार दिसावं यासाठी अक्षरं लांब लांब मांडली, की नावाचे तुकडे पडू शकतात.

आणखी एक थर आहे. फाइलमध्ये असतो तो अक्षराच्या आकृतीचा क्रमांक. कुठला क्रमांक म्हणजे कुठलं अक्षर, याचा तक्ता सोबत असावा लागतो. इंग्रजीत एफ आणि आय शेजारी आले की बरेच फाँट दोघांची मिळून एकच जोडआकृती छापतात. तक्त्यात तिची नोंद नसेल तर 'सर्टिफिकेट'च्या मध्यात भोक पडतं, आणि तो शब्द शोधणाऱ्याला तो सापडत नाही.

मराठीची अडचण याहून मोठी. युनिकोड म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला ठरावीक क्रमांक देणारी जगभरची पद्धत. 'कि' लिहिताना तिच्यात आधी क, मग वेलांटी. छापताना वेलांटी आधी. आकृत्यांच्या क्रमाने मजकूर उचलला की वेलांट्या भलत्या अक्षरांवर जाऊन बसतात. जुन्या फाँटांत तर मुळात देवनागरी नसतेच. कृतीदेवमध्ये 'भारत' टाइप केलं तर फाइलमध्ये एच, के, के, जे, आर ही पाच रोमन अक्षरं असतात. फाँट फक्त त्यांच्यावर देवनागरीचा मुखवटा चढवतो. मराठी रेझ्युमे द्यायचा असेल तर तो युनिकोडमध्येच हवा.

मजकूर नीट उचलला गेला, तर पुढे शब्दांचं वजन येतं. १९७२ साली केंब्रिजच्या कॅरेन स्पार्क जोन्स यांनी मांडलेली कल्पना इथे अजून कामाला येते: जो शब्द सगळ्यांकडे आहे, त्याने कोणीच वेगळं ठरत नाही. समजा हजार अर्ज आले. 'मेहनती' हजारही अर्जांत आहे, तर वजन हजार भागिले हजार, म्हणजे १ चा लॉगॅरिदम, शून्य. 'ई-वे बिल', म्हणजे मालवाहतुकीसाठी लागणारा जीएसटीचा ऑनलाइन कागद, दहांतच आहे, तर १०० चा लॉगॅरिदम, २. सगळी सॉफ्टवेअर हाच हिशेब करतात असं नाही; काहींत माणूस नुसता शब्द टाकून शोधतो. दोन्हीकडे केलेल्या कामाचं नेमकं नाव उपयोगी पडतं. भाची रोज ई-वे बिलं काढत होती आणि रेझ्युमेत लिहिलं होतं 'विविध कार्यालयीन कामे'.

यावर धंदाही उभा राहिला आहे. पैसे घेऊन 'एटीएस स्कोअर ९५' करून देणारे खूप आहेत. सगळ्या कंपन्यांना लागू असा स्कोअर अस्तित्वातच नाही. पांढऱ्या अक्षरांत जाहिरातीतले शब्द लपवायचा सल्लाही देऊ नये. मजकूर उचलताना रंग गळून पडतो आणि लपवलेलं सगळं समोरच्याला वाचता येतं. आणि अंकशास्त्र्याच्या सांगण्यावरून नावात जादा 'ए' घालणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे: मार्कशीटवर एक स्पेलिंग आणि अर्जावर दुसरं असलं, की सॉफ्टवेअरच्या लेखी ती दोन माणसं होऊ शकतात. भाग्य उजळणं दूरच, पडताळणीत कागद अडकतात.

आम्ही दोघांनी बसून रेझ्युमे नव्याने केला. एकच रकाना, साधा फाँट, ठिपके काढले, 'माझा प्रवास' या मथळ्याच्या जागी 'अनुभव', आणि जीएसटी संक्षेपातही, पूर्ण रूपातही. नोटपॅडमध्ये ओळीला ओळ लागली. मग तिने दुसऱ्या एका कंपनीच्या फॉर्मला तो जोडला. नाव, फोन, शेवटची नोकरी असे रकाने आपोआप भरले गेले, सगळे बरोबर. ती थोडा वेळ स्क्रीनकडे बघत राहिली. मागच्या वेळी नावाच्या रकान्यात 'टॅली' आलं होतं म्हणे. साइट बिघडली असेल असं समजून तिने ते हाताने खोडलं होतं, आणि खालचे रकाने न बघताच सबमिट दाबलं होतं.