लहान आतड्याचे लसीकाविकार आणि रक्तस्राव

लसीकावाहिन्यांतून रक्त वाहत नाही. ऊतींमधून परतणारा फिकट द्रव, म्हणजे लसीका (लिम्फ), त्या वाहून नेतात. लहान आतड्यात मात्र जेवणानंतर त्यात स्निग्धांश मिसळतो आणि तो दुधासारखा दिसू लागतो. २३ जुलै १६२२ रोजी इटलीतील गास्पारे आसेल्ली या शल्यविशारदाने नुकतेच खाऊ घातलेल्या कुत्र्याचे पोट उघडले, तेव्हा आतड्याच्या पडद्यावर त्याला पांढरे दोरे दिसले. आधी त्याला ते मज्जातंतू वाटले. एक दोरा टोचला तर पांढरा द्रव बाहेर आला. अशा दुधाळ वाहिन्यांच्या विकारात शौचावाटे रक्त जावे, हे म्हणूनच चमत्कारिक वाटते.

यातील मुख्य विकार लिम्फँजिएक्टेशिया. यात वाहिन्या फुगतात, फुटतात आणि प्रथिने आतड्यात गळतात. १९६१ साली अमेरिकेत टॉमस वॉल्डमन यांनी अशा १८ रुग्णांचे वर्णन केले, म्हणून मूळच्या (जन्मजात) प्रकाराला वॉल्डमनचा रोग म्हणतात. पायांवर सूज, जुलाब, रक्तातील अल्ब्युमिन हे प्रथिन व लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशी कमी होणे ही त्याची नेहमीची लक्षणे, रक्तस्राव क्वचितच. क्षयरोग, लिम्फोमा (लसीका ग्रंथींचा कर्करोग) किंवा हृदयावरणाचा दाह यांमुळे लसीकेची वाट अडली, तरी वाहिन्या अशाच फुगतात. दुसरा विकार लिम्फँजिओमा. ही लसीकावाहिन्यांची साधी, कर्करोग नसलेली गाठ असते, आणि लहान आतड्यात ती फारच विरळा. तिच्यात रक्तवाहिन्याही गुंतलेल्या असतील तर तिला हिमोलिम्फँजिओमा म्हणतात.

मग रक्त येते कुठून? लसीकावाहिनी आणि शीर यांच्यात नको तिथे जोड असेल, तर दाब वाढताच रक्त लसीकेत शिरते. गाठीवरचे अस्तर झिजले, तरी रक्त झिरपते. बहुतेकदा हा स्राव डोळ्यांना दिसत नाही. दिसते ती लोहाच्या गोळ्यांनी न हटणारी रक्तक्षयाची तक्रार. शौच डांबरासारखे काळे झाले, तर तो मोठा इशारा. (लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळे होते, आणि गोंधळ नेमका तिथेच होतो.)

गॅस्ट्रोस्कोपी (तोंडातून दुर्बीण) आणि कोलोनोस्कोपी (गुदद्वारातून दुर्बीण) यांच्या मधला आतड्याचा मोठा भाग पूर्वी पाहताच येत नसे. आता गिळायची कॅप्सूल-कॅमेरा आणि फुग्यांच्या साह्याने पुढे सरकणारी दुर्बीण वापरतात. आतल्या अस्तरावर बर्फाचे कण भुरभुरावेत तसे पांढरे ठिपके दिसतात. खात्री होते ती तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्यावर.

उपचारात आहार मुख्य. नेहमीचे तेल-तूप कमी करून मध्यम लांबीच्या साखळीची स्निग्धे, म्हणजे एमसीटी तेल देतात. ती लसीकेत न जाता थेट यकृताकडे जाणाऱ्या शिरेत शोषली जातात. एमसीटी तेल खोबरेलापासूनही काढतात, पण घरचे खोबरेल त्याच्या जागी चालत नाही. त्यातील मुख्य लॉरिक आम्ल बहुतांशी लसीकेच्याच वाटेने जाते. आहाराने भागले नाही, तर ऑक्ट्रिओटाइड किंवा ट्रॅनेक्झॅमिक आम्ल ही औषधे देऊन पाहतात. विकार आतड्याच्या छोट्या भागापुरता असेल, तर तेवढा तुकडा कापून उरलेली टोके जोडतात. तो आतडेभर पसरला असेल, तर पथ्य सहसा आयुष्यभराचे.