संयुक्त की (वितरित प्रक्रिया)

वितरित (अनेक संगणकांवर वाटून चालणाऱ्या) माहिती-प्रक्रियेत दोन किंवा अधिक फील्ड (नोंदीतील रकाने) एकत्र घेऊन केलेली की, म्हणजे नोंदीची ओळख किंवा गट ठरवणारे मूल्य; उदा., हवामान केंद्राचा क्रमांक व नोंदीची तारीख. मॅपरकडची (नोंदी वाचून की-मूल्य जोड्या काढणाऱ्या टप्प्याकडची) नोंद कोणत्या रिड्यूसरकडे (एका कीची मूल्ये एकत्र करणाऱ्या टप्प्याकडे) जाईल व कोणत्या क्रमाने पोचेल, हे तिच्यावरून ठरते.

या कल्पनेचे मूळ संबंधात्मक डेटाबेसची मांडणी करणारे एडगर कॉड यांच्या १९७० च्या निबंधापर्यंत नेता येते. एकाहून अधिक डोमेन (रकाने) मिळून प्राथमिक की होऊ शकते, असे त्यात म्हटले आहे. मात्र तिथे कीचे काम नोंद एकमेव ठरवण्याचे, तर इथे नोंदी एकत्र आणण्याचे आहे. त्यामुळे बहुस्तरीय क्रमवारीची (आधी एका, मग दुसऱ्या फील्डनुसार लावण्याची) परंपरा अधिक जवळची वाटते. जेफ्री डीन व संजय घेमावत यांच्या मॅपरेड्यूसवरील (मॅपर-रिड्यूसर पद्धतीवरील) निबंधात (२००४) विभाजनाचे, म्हणजे रिड्यूसर निवडण्याचे, फलन वापरकर्त्याला बदलता येते आणि प्रत्येक विभागात कीज चढत्या क्रमाने येतात. संयुक्त कीला एवढा आधार पुरेसा ठरतो.

हडूपमध्ये (मॅपरेड्यूस पद्धतीची जावा भाषेतील प्रणाली) अशी की ‘रायटेबलकम्पेरेबल’ इंटरफेसनुसार लिहितात. फील्ड ज्या क्रमाने लिहिली त्याच क्रमाने वाचावी लागतात. शिवाय प्राचलांविना कन्स्ट्रक्टर (नवी वस्तू तयार करणारा कोडचा भाग) हवा. फील्ड नुसती जोडून मजकूर करणे फसवे: ‘१’ व ‘११’ आणि ‘११’ व ‘१’ या दोन्ही जोड्यांचे ‘१११’ होते.

खरी मेख ‘हॅशकोड’मध्ये (कीवरून काढलेला पूर्णांक, ज्यावरून सहसा रिड्यूसर ठरतो) आहे. तो न लिहिल्यास जावाचे मूळ मूल्य वस्तूच्या ओळखीवर बेतलेले असते, आशयावर नव्हे. मग वेगवेगळ्या मॅपरकडून आलेली एकच की वेगवेगळ्या रिड्यूसरकडे जाऊ शकते; जॉब बिनतक्रार संपतो आणि बेरजा मात्र विभागलेल्या निघतात. ईनमचा (ठरावीक नावांच्या यादीच्या प्रकाराचा) हॅशकोडही याच जातीचा. तुलना थेट बाइटवर केली तर वेग वाढतो, पण हडूपच्या ‘टेक्स्ट’ या मजकूर-प्रकारात आधी लांबी साठवलेली असते, ती न वगळल्यास क्रम लांबीनुसार लागू लागतो. ऋण पूर्णांकांचे चिन्ह-बिटही असेच घोळ घालते.

दुय्यम क्रमवारीसाठी (गटातील मूल्येही क्रमाने मिळावीत म्हणून) विभाजन व गटबांधणी केवळ केंद्रावर आणि क्रमवारी पूर्ण कीवर करतात. अशा गटात मूल्ये पुढे सरकतात तशी कीमधील तारीखही बदलत जाते. जुनी हवी असल्यास प्रत काढून ठेवावी लागते. स्पार्क या दुसऱ्या वितरित प्रणालीत हेच काम टपल (एकत्र बांधलेली मूल्ये) व विभागांतर्गत क्रमवारीने होते.