लाल विंचू आणि अल्फा-1

कोकणातला लाल विंचू चावला की रुग्णाला मरणाच्या दारात नेतं ते बऱ्याच अंशी त्याच्याच शरीरातलं ॲड्रेनालिन आणि नॉरॲड्रेनालिन. विषामुळे मज्जातंतूंतल्या सोडियमच्या वाहिन्या वेळेवर बंद होत नाहीत, तंतू सतत उद्दीपित राहतात आणि ही रसायनं बेसुमार सुटतात. दरदरून घाम, उलट्या, गार हातपाय, चढलेला रक्तदाब. पुढे फुप्फुसांत पाणी.

‘ॲड्रेनालिन म्हणजे जोश’ हे जाहिरातींनी रुजवलेलं समीकरण इथे निरुपयोगी आहे. परिणाम ठरतो तो पेशीवर कोणता रिसेप्टर, म्हणजे ही रसायनं जिथे चिकटतात ते प्रथिन, आहे यावरून. औषधशास्त्रज्ञ रेमंड आल्क्विस्ट यांनी 1948 मध्ये या रिसेप्टरांचे अल्फा आणि बीटा असे दोन गट पाडले. आज नऊ उपप्रकार माहीत आहेत.

रक्तवाहिनीच्या स्नायुपेशींवर अल्फा-1 असतो. त्याला नॉरॲड्रेनालिन चिकटलं की पेशीच्या आतल्या बाजूचं जीक्यू प्रथिन जागं होतं. ते फॉस्फोलायपेज-सी या विकराला कामाला लावतं. हे विकर पेशीपटलातला एक मेदरेणू तोडतं आणि त्यातला आयपी-3 हा तुकडा आत साठलेलं कॅल्शियम मोकळं करतो. स्नायू आवळतो, वाहिनी अरुंद होते. हृदयावरचा बीटा-1 मात्र जीएस प्रथिनामार्फत सायक्लिक एएमपी हा पेशीतला निरोप्या रेणू वाढवतो आणि ठोके जोरदार होतात. श्वासनलिकेतल्या बीटा-2 मुळेही सायक्लिक एएमपीच वाढतं, पण तिथला स्नायू सैल पडतो. दम्यात साल्ब्युटामॉल देतात ते यासाठीच.

या सगळ्यांत मला विलक्षण वाटतो तो अल्फा-2. नॉरॲड्रेनालिन सोडणाऱ्या तंतूच्या टोकावरच तो बसलेला असतो. सुटलेलं नॉरॲड्रेनालिन त्याला चिकटलं की जीआय गटातली प्रथिनं टोकात येणारं कॅल्शियम अडवतात आणि पुढचा स्राव घटतो. हा अंगचाच ब्रेक. दोन्ही अल्फा अडवणारं औषध दिलं तर वाहिन्या सैल होतात, पण ब्रेकही निघतो. नॉरॲड्रेनालिन आणखी सुटतं आणि हृदयावरचा मारा वाढतो.

म्हणून महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी 1980 च्या दशकात निवडलेलं प्राझोसिन हे औषध इतकं चपखल बसलं. ते अल्फा-1 अडवतं, अल्फा-2 ला जवळपास हात लावत नाही. बीटा-ब्लॉकर, म्हणजे बीटा रिसेप्टर अडवणारं औषध, दिलं असतं तर? वाहिन्या सैल करणारा बीटा-2 बंद पडून अल्फा-1 ला रान मोकळं मिळालं असतं, शिवाय थकलेल्या हृदयाचा उरलासुरला आधारही गेला असता.

मंत्राने विंचू उतरवणाऱ्यांचा यातल्या कशाशीही संबंध नाही. बरेचसे दंश नुसते दुखतात आणि आपोआप शमतात. श्रेय मांत्रिकाला जातं. उलट गंभीर रुग्णाला दंशाच्या जागी अनेकदा फारसं दुखतच नाही. तेव्हा वेदना कमी आहे म्हणून थांबू नये. घाम, उलट्या, गार पडलेले हातपाय दिसले की थेट दवाखाना गाठावा. प्राझोसिनने रक्तदाब एकदम उतरू शकतो, त्यामुळे ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच, रुग्णाला झोपवून द्यायचं असतं. सोबत प्रतिविष दिल्यास रुग्ण लवकर सावरतो, असं बावस्करांच्याच 2011 च्या चाचणीत दिसलं.