स्वमग्नतेवरील क्लिनिकल संशोधनातील सहभाग

स्वमग्नता म्हणजेच ऑटिझम, तसेच रेट सिंड्रोम किंवा फ्रॅजाइल एक्ससारख्या विकासविषयक अवस्था यांवरील वैद्यकीय अभ्यासात मुलाने, प्रौढ व्यक्तीने किंवा संपूर्ण कुटुंबाने स्वेच्छेने सामील होणे. काही अभ्यासांत फक्त निरीक्षण असते. ठरावीक खेळणी मांडून मुलाशी खेळतात, साबणाचे फुगे उडवतात आणि मध्येच थांबतात. अशा वेळी मूल मोठ्या माणसाच्या तोंडाकडे बघते, त्याचा हात ओढून बाटलीकडे नेते की खाली बसून फुटलेल्या फुग्यांचे ओले ठिपके न्याहाळते, याची नोंद होते. इतर अभ्यासांत लाळेचा किंवा रक्ताचा नमुना घेतात, एमआरआय काढतात. तर काहींत औषध किंवा थेरपीची चाचणी होते.

चाचणीत नाव घातले म्हणजे मुलाला नवा उपचार मिळाला, अशी पालकांची समजूत सहज होते. ती धोक्याची आहे. उपचाराचा हेतू त्या एका मुलाचे भले हा असतो, तर चाचणीचा हेतू प्रश्नाचे उत्तर शोधणे हा. म्हणूनच कोणाला औषध आणि कोणाला प्लासिबो, म्हणजे औषधासारखे दिसणारे पण औषध नसलेले काही द्यायचे, हे चिठ्ठी टाकल्यासारखे ठरते आणि शक्य तिथे पालक व डॉक्टर दोघांपासूनही ते लपवले जाते.

हा खटाटोप का करावा लागतो, ते सीक्रेटिनच्या प्रकरणावरून कळते. सीक्रेटिन हे आतड्यातले संप्रेरक स्वादुपिंडाच्या तपासणीसाठी टोचतात. ते दिल्यावर तीन मुलांचे बोलणे आणि वागणे सुधारले, असा अहवाल १९९८ मध्ये अमेरिकेत आला आणि या औषधाची मागणी एकदम वाढली. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ६० मुलांना सीक्रेटिन किंवा नुसते सलाइन एकदाच टोचले होते. सुधारणा दोन्ही गटांत दिसली आणि त्यांत फरक आढळला नाही. मूल वाढतच असते, आशेने पाहणाऱ्या आईबापांना लहानसा बदलही जाणवतो. तुलनेचा गट नसता तर त्याचे श्रेय इंजेक्शनला गेले असते. निकाल सांगितल्यावरही ६९ टक्के पालकांनी या औषधात आपल्याला रस असल्याचे सांगितले. या आकड्याला कोणी भाबडेपणा म्हणू नये. हाती दुसरे काही नसलेल्या घरांची ती तगमग होती. ऑक्सिटोसिन हे संप्रेरक स्वमग्न मुलांच्या नाकात फवारण्याच्या २०२१ च्या मोठ्या चाचणीचा निकालही नकारार्थीच आला. ‘उपयोग नाही’ हे सिद्ध करणाऱ्या कुटुंबांनी पुढच्या हजारो मुलांच्या सुया आणि पैसे वाचवले, हे योगदान मोठे आहे. उलट, रेट सिंड्रोममध्ये बहुतेकदा एकाच जनुकातला दोष माहीत असल्याने नेम धरणे तुलनेने सोपे होते. ट्रोफिनेटाइड या औषधाला अमेरिकेत २०२३ मध्ये मान्यता मिळाली.

आपल्या जवळचे उदाहरण गोव्याचे आहे. तिथल्या ‘संगथ’ या संस्थेने आणि पाकिस्तानातल्या रावळपिंडीच्या संशोधकांनी मिळून, पालकांना मुलाशी संवाद साधायला शिकवणाऱ्या मूळच्या ब्रिटिश पद्धतीला दक्षिण आशियाचे रूप देऊन ती तपासली. २ ते ९ वर्षांची ६५ मुले त्यात होती. आठ महिन्यांत बारा सत्रे झाली. सत्रे घेणारे तज्ज्ञ डॉक्टर नव्हते, तर प्रशिक्षण दिलेले आरोग्य कार्यकर्ते होते. आई किंवा वडील मुलाशी खेळतानाचा व्हिडिओ काढायचा, मग तो एकत्र बसून पाहायचा: इथे त्याने तुमच्याकडे पाहिले, इथे तुम्ही थांबलात म्हणून तो पुढे आला. २०१६ मध्ये निकाल आले. पालकांचा प्रतिसाद मुलाशी अधिक जुळू लागला आणि मूल स्वतःहून जास्त वेळा संवाद सुरू करू लागले. मात्र दोघांचे लक्ष एकाच गोष्टीवर असण्याचा वेळ घटला. ही न आवडणारी बाबही संशोधकांनी छापली, हे महत्त्वाचे.

भारतात औषधांच्या चाचण्यांना २०१९ चे नवीन औषधे व क्लिनिकल चाचणी नियम लागू आहेत. एथिक्स कमिटीच्या, म्हणजे संशोधन नैतिक आहे का हे पाहणाऱ्या समितीच्या, मंजुरीशिवाय चाचणी सुरू करता येत नाही. या समितीत किमान सात सदस्य आणि त्यांत कायद्याचा जाणकार व एक सामान्य नागरिक असावा लागतो. संमती पालकांची घेतात, पण तेवढ्याने भागत नाही. आयसीएमआर म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार सात ते बारा वर्षांच्या मुलाची तोंडी आणि त्यापुढे अठरापर्यंत लेखी अनुमती घ्यायची असते. न बोलणाऱ्या मुलाचे काय? ते हात मागे घेते, कान झाकते, दाराकडे पळते. हाच त्याचा नकार मानावा. नमुना दुसऱ्या दिवशीही घेता येतो. अठरा पूर्ण झाल्यावर आईवडील आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत. गरज असल्यास १९९९ च्या नॅशनल ट्रस्ट कायद्याखालील स्थानिक समितीकडून नेमणूक करून घ्यावी लागते.

हे नियम का हवेत, याचा दाखला ब्रिटनमधला आहे. गोवर-गालगुंड-रुबेला लस आणि स्वमग्नता यांची सांगड घालणाऱ्या, पुढे मागे घेतलेल्या १९९८ च्या लेखात बारा मुले होती. तिथल्या वैद्यक परिषदेने २०१० मध्ये ठरवले, की त्या लेखाचे प्रमुख लेखक अँड्र्यू वेकफिल्ड यांनी एथिक्स कमिटीच्या योग्य मंजुरीविना मुलांवर त्रासदायक तपासण्या केल्या. आपल्या मुलाच्या वाढदिवसाला आलेल्या मुलांना पाच-पाच पौंड देऊन त्यांनी रक्तही घेतले होते.

पैशांबाबत नियम सरळ आहे: चाचणीतल्या औषधासाठी सहभागी कुटुंबाकडून शुल्क घेऊ नये, प्रवासखर्च व बुडालेली मजुरी भरून देता येते. चाचणीमुळे इजा झाल्यास उपचार मोफत व्हावेत आणि भरपाई मिळावी. कुटुंब केव्हाही बाहेर पडू शकते आणि त्यामुळे नेहमीचे उपचार थांबत नाहीत. स्वमग्नतेवर स्टेम सेल टोचण्यासाठी कोणी लाखांत पैसे मागत असेल, तर ते संशोधन नव्हे. २००९ पासून भारतातल्या चाचण्यांची नोंद सीटीआरआय या सार्वजनिक नोंदवहीत होणे बंधनकारक आहे. तिचा नोंदणी क्रमांक मागावा आणि स्वतः तपासून पाहावा.

बोलू न शकणारी, बौद्धिक अक्षमताही असलेली मुले, तसेच एकूणच मुली अशा अभ्यासांत फार कमी दिसतात, म्हणून निष्कर्ष त्यांना कितपत लागू होतात हा प्रश्न उरतोच. स्वमग्न प्रौढांचा आग्रह त्याहून पुढचा आहे: प्रश्न ठरवतानाच आम्हाला विचारा. ब्रिटनमधला ‘स्पेक्ट्रम १० के’ हा जनुकीय प्रकल्प ऑगस्ट २०२१ मध्ये सुरू झाला. आमच्या डीएनएचे पुढे काय करणार, असे स्वमग्न लोकांनीच विचारले आणि महिन्याभरात तो थांबवून संशोधकांना आधी त्यांच्याशी सल्लामसलत करावी लागली.