साच्यातल्या मेणबत्तीला खड्डा का पडतो?

सिलिकॉनच्या साच्यातून मी काढलेली पहिली मेणबत्ती घुबडाची होती. पीस न् पीस उमटलं होतं, चोच टोकदार, डोळ्यांभोवतीच्या रेघा मोजून घ्याव्यात अशा. मोठ्या कौतुकानं उलटी करून पाहिली, तर बुडाला अंगठा आत जाईल एवढा खड्डा. साचा काठोकाठ भरला होता. सांडलं, गळलं काहीच नव्हतं. मग मेण गेलं कुठं?

गेलं कुठंच नव्हतं, आकसलं होतं. पाणी गोठताना साधारण 9 टक्के फुगतं आणि म्हणून बर्फ तरंगतो. रोज डोळ्यांसमोर असलेल्या या एका उदाहरणामुळे गोठणं म्हणजे फुगणं अशी आपली समजूत होऊन बसते. खरं तर पाणी हाच अपवाद आहे. बहुतेक पदार्थ गोठताना आकसतात आणि पॅराफिन मेण तर चांगलंच आकसतं, 10 ते 15 टक्के. खात्री करायची असेल तर वितळलेल्या मेणात घट्ट मेणाचा एक खडा टाकून पाहा. बर्फासारखा तरंगत नाही, सरळ तळ गाठतो.

पॅराफिनचे रेणू म्हणजे कार्बनच्या लांबच लांब साखळ्या, एकेकीत साधारण 20 ते 40 कार्बन अणू. द्रवरूपात या साखळ्या वाकतात, वळवळतात, एकमेकींत गुंततात आणि भरपूर जागा अडवतात. गोठताना त्या सरळ होऊन काडेपेटीतल्या काड्यांसारख्या शेजारी शेजारी लागतात. मूठभर काड्या डबीत नुसत्या फेकल्या तर झाकण बसत नाही, नीट लावल्या की वर जागा उरते. मेणबत्तीतला खड्डा म्हणजे ही उरलेली जागा. 5 सेंटिमीटर व्यासाची, 8 सेंटिमीटर उंचीची साधी मेणबत्ती घेतली तर तिच्यात सुमारे 157 मिलिलिटर मेण मावतं. त्यातलं 12 टक्के आकसलं तरी जवळजवळ 19 मिलिलिटर, म्हणजे चहाचे चार चमचे भरतील एवढी पोकळी कुठं तरी निघणारच.

कुठं, हा खरा प्रश्न. मेण बाहेरून आत गोठतं. भिंतीलगतचं आधी घट्ट होतं आणि त्याचं कवच तयार होतं. त्यानंतर आतलं मेण आकसायला लागतं, पण कवच आता हलत नाही. मग पातळी खाली जाते ती मधोमध, वातीभोवती, कारण सगळ्यात शेवटी तिथलं मेण गोठतं. साचा उलटा भरतात, त्यामुळे साच्याचं तोंड म्हणजे मेणबत्तीचं बूड, आणि खड्डा पडतो तो बुडाला. हा निदान दिसतो तरी. कधी कधी वरच्या हवेनं पृष्ठभागावर साय धरते, खालचं मेण आकसत राहतं आणि वरून गुळगुळीत दिसणाऱ्या मेणबत्तीच्या पोटात पोकळी राहते. पेटवल्यावर ज्योत तिथं पोचली की वितळलेलं मेण गपकन आत ओढलं जातं, तेव्हा ती कळते.

म्हणून साय धरली की वातीजवळ काडीनं दोन-तीन भोकं पाडायची आणि थोडं गरम मेण पुन्हा ओतायचं. हे दुसरं ओतणं पहिल्या पातळीच्या वर जाऊ द्यायचं नाही. मेणबत्ती आकसून भिंतीपासून किंचित सुटलेली असते, त्या फटीत नवं मेण उतरतं आणि बाहेरच्या अंगावर पापुद्रा धरतं. माझ्या घुबडाच्या पाठीवर अशी एक शाल आहे.

धातूच्या साच्यात हे सगळं भराभर होतं. सिलिकॉनमध्ये मात्र वेळ लागतो, आणि त्याचं कारण गमतीचं आहे. ॲल्युमिनियम सिलिकॉनच्या जवळपास हजारपट वेगानं उष्णता वाहून नेतं. सिलिकॉनची उष्णता वाहून नेण्याची क्षमता साधारण मेणाएवढीच आहे. म्हणजे जाड सिलिकॉनच्या साच्यात ओतलेल्या मेणाला, उष्णतेच्या दृष्टीनं पाहिलं तर, भिंत लागल्याचं कळतच नाही, भोवती मेणाचाच आणखी एक थर असल्यासारखं. त्यातून गोठताना मेण बरीच उष्णता बाहेर टाकतं, किलोमागे सुमारे 200 किलोज्यूल, आणि हा माल त्याच जाड भिंतीतून बाहेर जायचा असतो. घाई करून साचा फ्रिजमध्ये ठेवला तर बाहेरचं कवच झटकन थंड होऊन आकसतं, आतला गाभा अजून गरमच असतो, आणि या ओढाताणीत मेणबत्तीला तडा जातो.

कवच हाताला घट्ट लागलं म्हणजे काम झालं असंही नाही. पॅराफिन द्रवातून एकदम कडक घन होत नाही. मध्ये एक अवस्था येते, तिच्यात साखळ्या रांगेत उभ्या तर असतात, पण प्रत्येक साखळी स्वतःभोवती फिरत असते. कोमट मेणबत्ती बोटानं दाबली की वाकते, ठसा घेते, ती यामुळे. आणखी थंड झाल्यावर साखळ्यांचं फिरणं थांबतं, त्या एकमेकींत नीट बसतात आणि मेण पुन्हा थोडं आकसतं. साचा पार थंड होईपर्यंत हात न लावणं हे या कलेतलं सगळ्यात अवघड काम आहे, असं माझं मत आहे.

आता साच्याकडे वळू. 1834 साली जोसेफ मॉर्गन यानं मेणबत्त्या ओतण्याचं यंत्र आणलं, त्यात गोठलेल्या मेणबत्त्या दट्ट्यानं साच्याबाहेर ढकलल्या जात. ताठ, एकसंध साच्यातून वस्तू निघायची तर ती सरळसोट हवी. नळकांडं चालतं, शंकू चालतो, घुबड चालत नाही, कारण त्याची चोच आणि कान साच्यात अडकतात. रबरासारखा वाकणारा साचा मिळाल्यावर ही अट संपली.

सिलिकॉन हे नाव मुळात एका तुलनेतून आलं. फ्रेडरिक किपिंग या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाला हाती लागलेल्या संयुगांचं सूत्र किटोनसारखं, म्हणजे कार्बन-ऑक्सिजनची जोडी असलेल्या संयुगांसारखं होतं, फक्त कार्बनच्या जागी सिलिकॉन हे वाळूतलं मूलद्रव्य, म्हणून त्यानं तसं नाव दिलं. प्रत्यक्षात साच्याच्या सिलिकॉनची रचना वेगळीच असते: एकाआड एक सिलिकॉन आणि ऑक्सिजन अणूंची लांब साखळी आणि तिच्या दोन्ही बाजूंना मेथिल गटांची, म्हणजे कार्बन-हायड्रोजनच्या छोट्या गटांची, झालर. आत वाळू-काचेत असतात तसे भक्कम बंध, बाहेर तेलासारखं मऊ आवरण. भक्कम बंधांमुळे साचा 200 अंशांच्या आसपास तापला तरी टिकतो, आणि वितळलेलं मेण तर ओततात तेच 70-80 अंशांना. बाहेरच्या झालरीमुळे त्याला सहसा काही चिकटत नाही, मेणाशी त्याची ओढ अगदी दुबळी राहते.

पण नुसती दुबळी ओढ पुरत नाही. मेणबत्ती सहज सुटते ती साचा सोलता येतो म्हणून. चिकटपट्टी सरळ वर ओढून पाहा, निघता निघत नाही. तीच एका कडेनं सोलली की निघून येते, कारण कुठल्याही क्षणी फक्त एका रेघेपुरता जोड तोडायचा असतो. सिलिकॉनचा साचा काठाकडून उलटा दुमडत नेला की हेच होतं. तपशील टिपण्यात तर तो इतका पटाईत आहे की प्रयोगशाळांत याच जातीच्या सिलिकॉनमध्ये मायक्रॉनपेक्षाही (मिलिमीटरच्या हजाराव्या भागापेक्षाही) बारीक नक्षीचे ठसे घेतात. साचा बनवताना मूळ वस्तूवर कुणाचं बोट लागलं असेल, तर तो ठसा प्रत्येक मेणबत्तीवर येणार. मेणबत्तीची चकाकीही साच्याच्याच गुळगुळीतपणाची नक्कल असते. या तपशिलाला हवा मात्र नडते: उलट्या साच्यात घुबडाचे कान तळाशी जातात आणि तिथं बुडबुडा अडकतो. आधी थोडंसं मेण ओतून साचा बाहेरून दाबायचा, बुडबुडा वर आला की उरलेलं ओतायचं.

साचा अमर नसतो. मेणातलं तेल आणि सुगंधी द्रव्यं तो हळूहळू शोषतो, किंचित फुगतो, आणि मग बिनवासाच्या मेणबत्तीलाही मागच्या खेपेचा वास येतो. साचा स्वतः ओतणाऱ्यांना आणखी एक अडचण येते. प्लॅटिनमच्या साहाय्यानं घट्ट होणाऱ्या सिलिकॉनला गंधकाचं वावडं आहे. मूर्ती गंधक असलेल्या मातीची असेल, तर तिला लागून असलेला थर चिकटच राहतो.

मेण वितळवायचं ते गरम पाण्यात भांडं ठेवून, थेट आचेवर नाही. पाणी 100 अंशांच्या वर जात नाही, त्यामुळे मेणही जात नाही. थेट आचेवर मेण मुकाट्यानं तापत जातं, पाण्यासारखं उकळून इशारा देत नाही, आणि 200 अंशांच्या पुढं त्याची वाफ पेट घेऊ शकते. पेटलेल्या मेणावर पाणी चुकूनही टाकायचं नाही. पाणी जड, ते तळाशी जातं, क्षणात वाफ होऊन हजारपटीहून जास्त फुगतं आणि जळतं मेण घरभर उडवतं. आच बंद करायची आणि झाकण ठेवायचं.

राहता राहिली वात, आणि आकाराच्या मेणबत्त्या हार खातात त्या इथंच. वातीची जाडी मेणबत्तीच्या रुंदीवर ठरते: ज्योतीनं भोवती जेवढं मेण वितळेल, तेवढंच तिनं ओढून जाळायला हवं. नळकांड्याची रुंदी वरपासून खालपर्यंत एकच, घुबडाची नाही. डोक्याला साजेशी वात पोटात पोचली की मधोमध विहीर खणत खाली जाते आणि शेवटी वितळलेल्या मेणात बुडून विझते. पोटाला साजेशी जाड वात लावली तर डोकं पहिल्या काही मिनिटांतच ओघळतं. माझ्या पहिल्या घुबडाचं दुसऱ्या प्रकारे झालं. दुसऱ्याला बुडाला खड्डा नाही, पाठीवर शाल नाही, कानांत बुडबुडा नाही. वातही आहे. पण ते मी अजून पेटवलेलं नाही.