‘आमचं मूल कुठल्या स्टेजला अडकलंय?’
(पहिल्या भेटीआधी पालकांनी वाचावे)

मुलांच्या मानसोपचारासाठी भेट ठरवताना पालकांकडून फोनवर हा प्रश्न इतक्यांदा येतो, की शेवटी उत्तर छापूनच द्यायचं ठरवलं.

मनोविश्लेषणाचा जनक सिग्मंड फ्रॉइड याने सांगितलेल्या मुलाच्या वाढीच्या पाच अवस्था तुम्हाला ठाऊक असतात. पहिल्या वर्षी सगळं तोंडाभोवती (ओरल), मग तीन वर्षांपर्यंत शी-शूची शिस्त (अ‍ॅनल), तीन ते सहा आईबाबांबद्दलची ओढ आणि चुरस, पुढे वयात येईपर्यंत शांतता, आणि मग तारुण्य. एखाद्या टप्प्यावर गरज फार अडली किंवा फार लाड झाले, तर मनाचा थोडा भाग तिथेच राहतो, हे स्थिरीकरण, म्हणजे ‘फिक्सेशन’. फ्रॉइडने दिलेली उपमा अशी: वाटेत तुकड्या मागे ठेवत पुढे निघालेला जथा, पुढे मार बसला की त्याच मुक्कामांकडे पळतो. उपमा झकास आहे, आणि घोटाळाही तिच्यापासूनच सुरू होतो.

आमच्या माहितीपत्रकात ‘तक्रार काय?’ असा रकाना आहे. त्यात पालक लिहितात: ‘ओरल फिक्सेशन’. खाली दोन रेघा. बस्स. पहिल्या भेटीची पन्नास मिनिटं मग त्या दोन शब्दांमागे काय घडलं हे उकलण्यातच जातात, आणि तो वेळ तुमचाच असतो. त्याऐवजी असं लिहा: ‘शाळेतून येतो तेव्हा शर्टाची कॉलर चावून ओली झालेली असते. रविवारी चावत नाही. बहीण झाल्यापासून सुरू झालं.’ एवढ्या तीन ओळींत आम्हाला धरायला तीन धागे मिळतात. ‘ओरल’मधून एकही मिळत नाही.

हा सिद्धांत मुख्यतः मोठ्या माणसांच्या आठवणींवरून मागे मागे जात उभा राहिला. फ्रॉइडच्या लैंगिकतेवरच्या १९०५च्या निबंधांत त्याची सुरुवात आहे. १९२०मध्ये फ्रॉइडनेच लिहिलं, की शेवटाकडून मागे पाहिलं तर साखळी अखंड वाटते, पण सुरुवातीकडून पुढे निघालो असतो तर तोच शेवट आधी सांगता आला नसता. म्हणजे सात वर्षांच्या मुलाचं अंगठा चोखणं पाहून त्याचा तिशीतला स्वभाव सांगायला फ्रॉइडही धजला नसता. आम्हीही धजत नाही.

‘मुलाला न बघताच पहिली भेट कशी?’ ही दुसरी नाराजी. पहिल्या भेटीला आम्ही फक्त आईबाबांना बोलावतो, आणि ते मुद्दाम. घोड्यांना घाबरणाऱ्या पाच वर्षांच्या ‘छोट्या हान्स’ची १९०९ साली छापलेली प्रसिद्ध हकीकत पाहा. उपचार चालवले त्याच्या वडिलांनी, फ्रॉइडच्या सल्ल्याने. त्या काळात फ्रॉइडने मुलाला एकदाच भेटीसाठी बसवलं. वडील मुलाचं बोलणं शब्दशः टिपून पाठवत. जिथे त्यांनी नुसतं टिपलं, तिथे आजही वाचताना मूल डोळ्यांसमोर उभं राहतं. जिथे त्यांनी उत्तर आधीच ठरवून प्रश्न विचारले, तिथे मूल ‘हो’ म्हणतंय की बाबांना खूश करतंय, कळेनासं होतं.

म्हणून एक विनंती. येताना वाटेत मुलाची उलटतपासणी घेऊ नका. ‘तुला बाळाचा राग येतो ना?’ असं दहादा विचारलेलं मूल आमच्याकडे पाठ केलेलं उत्तर देतं, आणि ते पुसायला दोन-तीन भेटी लागतात.

अवस्था आम्ही मोडीत काढलेल्या नाहीत. तुमची नोंद वाचताना त्या आमच्या डोक्यात असतात. मानसशास्त्रज्ञ एरिक एरिक्सनने सांगितलेले वाढीचे आठ टप्पेही असतात, कारण शंभर वर्षांत बरंच पुढे सरकलंय. फक्त ती नावं मुलाच्या पाठीवर चिकटवायला आम्ही देत नाही. घरातलं भांडण तापलं की ‘हा अ‍ॅनल आहे’ हे वाक्य कोणाच्या तोंडी येतं, ते आम्ही बऱ्याचदा ऐकलंय.

सोबत कोरी वही जोडली आहे. आठवडाभर रोज एकच प्रसंग लिहा: किती वाजता, कोण समोर होतं, मूल काय म्हणालं. वही भरून आणणाऱ्यांची आम्हाला दुसऱ्या भेटीतच मुलाशी गाठ घालता येते. नाही भरली तरी या, फक्त तो ‘तक्रार काय?’चा रकाना कोरा ठेवा.