आहारसल्ल्याचा फेरविचार

आरोग्यसंस्थांनी दीर्घकाळ दिलेला खाण्यापिण्याचा सल्ला नव्या पुराव्यामुळे बदलणे किंवा मागे घेणे. सल्ला देण्याहून तो मागे घेणे अवघड जाते. याचे सर्वाधिक चर्चिलेले उदाहरण अंड्याच्या बलकाचे. त्यात कोलेस्टेरॉल असते, म्हणून तो मोजकाच खावा, असे सांगितले जाई.

या निर्बंधाचे मूळ बहुधा रशियन संशोधक निकोलाय अनिचकोव्ह यांच्या १९१३च्या प्रयोगांत दाखवले जाते. सूर्यफुलाच्या तेलात विरघळवलेले कोलेस्टेरॉल चारल्यावर सशांच्या रोहिण्यांत मेदाचे थर साचले. पण ससा मुळात शाकाहारी. कुत्र्यांत तसे सहजी घडत नाही. आहारातील कोलेस्टेरॉलचा माणसाच्या रक्तातील पातळीवर फारसा परिणाम होत नाही, असे अमेरिकी आहारसंशोधक अ‍ॅन्सेल कीज यांनीही १९५०च्या दशकातच मांडले होते. त्यांचा रोख संपृक्त मेदावर (सॅच्युरेटेड फॅट) होता. तरीही १९६८च्या सुमारास अमेरिकन हार्ट असोसिएशनने दिवसाला ३०० मिग्रॅ. कोलेस्टेरॉल आणि आठवड्याला तीन बलक अशी मर्यादा घातली. तत्कालीन अमेरिकी आहारातील सरासरी (सुमारे ५८० मिग्रॅ.) साधारण निम्मी करून हा आकडा आला, असे एक मत आहे. सशांपासून थेट आकडा काढल्याच्या समजुतीपेक्षा ते अधिक ग्राह्य वाटते.

हा आकडा अमेरिकेच्या २०१५–२०च्या शासकीय मार्गदर्शिकेतून वगळला गेला. त्याच मार्गदर्शिकेत मात्र कोलेस्टेरॉल शक्य तितके कमी खावे, हेही वाक्य राहिले. अशी अर्धी माघार नेहमीची आहे. आकडा एकदा पाठ्यपुस्तकात, दवाखान्यातील तक्त्यात आणि वेष्टनावर छापला की तो मूळ संस्थेच्या हातात राहत नाही. ज्यात कोलेस्टेरॉल कधी नव्हतेच, त्या शेंगदाणा तेलाच्या डब्यावरही ‘कोलेस्टेरॉलमुक्त’ छापले गेले. भारतात राष्ट्रीय पोषण संस्थेची मार्गदर्शिका १९९८, २०११ व २०२४ अशी आली. मधल्या काळात जुना तक्ताच भिंतीवर असतो. चूक कबूल केली तर उरलेल्या सल्ल्यावरचा विश्वासही जाईल, ही भीती वेगळीच.

ही भीती अगदीच निराधार नाही, हे कोल्हापूरच्या पानावरून कळते. पांढरा रस्सा म्हणजे मटणाचे अळणी (मटण शिजवलेले पाणी) आणि नारळाचे दूध. नारळात कोलेस्टेरॉल नाही, पण त्याच्या तेलात सुमारे नऊ दशांश मेद संपृक्त. अंड्याच्या एका बलकात तो जेमतेम दीड ग्रॅम. संपृक्त मेद एकूण उष्मांकाच्या १० टक्क्यांखाली ठेवावा, हा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला २०२३मध्येही कायम आहे. ‘कोलेस्टेरॉलची भीती गेली’ एवढेच ऐकणारा मात्र रस्स्याची आणखी एक वाटी मागतो. सुटका बलकाची झाली, रस्स्याची नव्हे, हे एका ओळीच्या बातमीत बसत नाही.

तालमीच्या खुराकावर या सल्ल्याचा परिणाम फारसा झालेला दिसत नाही. दूध, तूप, थंडाई, मटण हा क्रम टिकला. कोल्हापूरच्या गंगावेशीतील दूध कट्ट्यावर समोर पिळलेले म्हशीचे धारोष्ण दूध आजही उभ्याउभ्या पितात. निर्बंध रुजला तो मुख्यतः चाळिशी ओलांडलेल्या नोकरदार घरांत. उकडलेल्या अंड्यांच्या गाडीवर ‘पिवळं काढून द्या’ म्हणणारे गिऱ्हाईक अजून भेटते. सकाळी मिसळीवर जादा कट मागणाराही बऱ्याचदा तोच असतो.